गावकुसाबाहेर कोण राहतं? नॉर्स कॅम्पेनसाठी वंश आणि जीव निवडताना

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या कथाखेळातलं माझं पहिलं नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या पुराणकथांवरचं, कॅम्पेन (अनेक बैठकांत चालणारी सलग गोष्ट) चौथ्या सेशनला आटपलं. खेळाडू चक्क कंटाळले. तयारी मात्र मी दणकून केली होती. ज्याच्या नावात बर्फ, थंडी किंवा दाढी येते असं सगळं नियमपुस्तकातून उचललं होतं. बर्फातले गॉब्लिन, पांढरे ड्रॅगन, हिमराक्षस, दोन जातींचे लांडगे असे मिळून चाळीसेक जीव जमले होते. शेवटच्या दिवशी एका खेळाडूनं विचारलं, "हेच सगळं रोहतांग खिंडीत घडवलं असतंस तर काय बिघडलं असतं?" मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर नंतर सापडलं, जुने आइसलँडिक सागा, म्हणजे गद्य कथा, वाचताना. त्या कथांतले अमानवी जीव शिकारीच्या यादीतले नसतात, ते शेजारी असतात. त्यांची जमीन ठरलेली असते, त्यांच्याशी सोयरीक होते, त्यांची देणी थकतात, आणि त्यांच्यावर खटलेही भरतात. हो, भुतांवर खटला भरल्याची नोंद आहे, तिच्याकडे येतोच. तेव्हापासून मी कॅम्पेन बांधताना 'कोणते मॉन्स्टर घेऊ' असं विचारतच नाही. 'या खोऱ्यात कोण कोण राहतं' असं विचारतो.

खालची पद्धत चार-पाच खेळाडू, साधारण बारा सेशन आणि पहिली ते सहावी लेव्हल असं धरून लिहिली आहे. आकडे डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीतले आहेत, जीवांचे तिच्या 2014 च्या पुस्तकातले. दुसरी सिस्टिम खेळत असाल तर आकडे सोडा, बाकीचं घ्या.

पायरी 1: आधी खोरं, मग साल

'नॉर्स जग' असं मोघम ठेवलंत की माझ्या चाळीस जीवांसारखी गत होते. एक जागा निवडा. मी स्नायफेल्सनेस घेतो. आइसलँडच्या पश्चिमेला समुद्रात घुसलेलं हे लांबट द्वीपकल्प, टोकाला 1446 मीटर उंचीचा स्नायफेल्सयोकुल हा हिमनदीखालचा ज्वालामुखी, उत्तरेला ब्रेइदाफ्योर्द हा बेटांनी भरलेला उपसागर. निवडण्याचं कारण आळशीपणाचं आहे: एयरबिग्या सागा आणि बार्द सागा या दोन्ही कथा याच भागात घडतात, त्यामुळे भुतंखेतं आयती मिळतात.

साल 990 च्या सुमाराचं धरतो. आइसलँडमध्ये वस्ती झाली ती 870 नंतर, आल्थिंग ही देशसभा भरू लागली 930 मध्ये, आणि ख्रिस्ती धर्म कायद्यानं स्वीकारला गेला 1000 च्या सुमारास. म्हणजे जुने देव अजून जागेवर आहेत, पण नव्या देवाची कुणकुण बंदरात लागली आहे. खेळायला याहून चांगला काळ नाही.

जागा ठरली की भूगोलच निम्मी यादी खोडून टाकतो. आइसलँडमध्ये माणूस पोचला तेव्हा जमिनीवरचा सस्तन प्राणी एकच होता, ध्रुवीय कोल्हा. लांडगे नाहीत, तपकिरी अस्वलं नाहीत, साप नाहीत. जंगल म्हणजे बर्चची खुरटी झाडी. यातून टेबलावर एक जबरदस्त हत्यार हाती येतं: तुमच्या खेळात लांडगा दिसला, तर तो लांडगा असूच शकत नाही. तो कुणीतरी आहे. हे एकदा खेळाडूंना कळलं की पुढं नुसतं "कुरणाच्या टोकाला एक लांडगा उभा आहे" म्हटलं तरी टेबल गप्प होतं. अपवाद पांढऱ्या अस्वलाचा. ते ग्रीनलँडकडून हिमतुकड्यावर बसून अधूनमधून खरोखर येतं.

पायरी 2: कागदावर तीन वर्तुळं

जुन्या नॉर्समध्ये 'गार्द' म्हणजे कुंपण, आणि कुंपणानं राखलेली जागा. माणसांचं जग ते मिदगार्द, म्हणजे मधलं आवार. त्याच्या पलीकडचं ते उतगार्द. आपल्याकडचा 'गावकूस' हा शब्द डोक्यात ठेवलात तर दुसरं काही समजावून घ्यायला नको.

आतलं वर्तुळ म्हणजे शेतवाडी: लांबोडकं घर, गोठा, कुरण, पुरलेले पूर्वज. मधलं वर्तुळ म्हणजे डोंगर, लाव्हाची पठारं, हिमनदी. बाहेरचं वर्तुळ समुद्र. आता नियम असा: प्रत्येक वर्तुळात दोन किंवा तीन जीव, त्याहून जास्त नाही. एकूण सातच्या पुढं गेलात की कुणालाच चेहरा उरत नाही.

प्रत्येक जीवासाठी तीन गोष्टी लिहा. पत्ता, मागणं आणि उतारा. तो नेमका कुठे राहतो, त्याला काय हवं आहे, आणि तलवार सोडून तो कशानं थांबतो. तिसरी गोष्ट सुचत नसेल तर तो जीव यादीतून काढा. माझ्या अनुभवात हा एकच प्रश्न अर्ध्याहून अधिक कचरा साफ करतो.

पायरी 3: खेळाडूंसाठी वंश

2024 च्या नियमपुस्तकात 'रेस' शब्द जाऊन 'स्पीशीज' आला. नॉर्स मालमसाल्यासाठी खरं तर दोन्ही शब्द गैरलागूच आहेत, कारण इथे जातीजातींत भिंत नाही. देवांचा प्रमुख ओडिन, त्याची आई बेस्ट्ला योटुन कुळातली, म्हणजे देवांच्या प्रतिस्पर्ध्यांतली. गडगडाटाचा देव थोर, त्याची आई योर्द म्हणजे भूमी, तीही योटुनांत मोजली जाते. लोकी बापाकडून योटुन. न्योर्द या देवानं योटुनकन्या स्कादीशी लग्न केलं, फ्रेय या देवानं गेर्दशी. म्हणून मी खेळाडूंना वंशांची यादी देत नाही. "तू माणूस आहेस. तुझ्या घराण्याविषयी पंचक्रोशीत काय बोललं जातं?" एवढंच विचारतो. नियमांचे आकडे त्या उत्तराला चिकटवायचे. पाच जणांत किमान तिघं साधी माणसं हवीत हा माझा हट्ट. सगळेच अद्भुत निघाले तर अद्भुत उरत नाही.

अर्धट्रोल हा मला सगळ्यात आवडता पर्याय. एगिल सागामध्ये एगिलचा आजा क्वेल्दुल्फ येतो. त्याचा मामा हाल्ब्योर्न, टोपणनाव अर्धट्रोल. क्वेल्दुल्फ दिवसभर शहाणा, कष्टाळू शेतकरी, पण संध्याकाळ झाली की चिडका आणि झोपाळू होई. त्याच्या नावाचा अर्थच 'सांजलांडगा'. तो रूप बदलतो असं लोक म्हणत. शिवाय त्या घराण्यात दर पिढीला एक देखणा आणि एक काळा, थोराड, कुरूप भाऊ निपजतो. कुणी याला वेगळी जात म्हणत नाही, नुसती कुजबुज चालते. आकड्यांसाठी 2014 चा हाफ-ऑर्क घ्या किंवा 2024 चा गोलायथ. हाफ-ऑर्कची दिवसातून एकदा शून्याऐवजी एका हिट पॉइंटवर (प्राणशक्तीच्या आकड्यावर) तग धरण्याची ताकद इथे फार शोभते. फक्त हिरवी कातडी आणि सुळे काढून टाका.

आल्व्हांचं, म्हणजे गेममधल्या एल्फांच्या मूळ रूपाचं, रक्त असलेला खेळाडू हवा असेल तर धनुष्य, जंगल आणि टोकदार कान विसरा. जुन्या ग्रंथांत आल्व्हांचं रूप फारसं वर्णिलेलंच नाही. त्यांना भोग मात्र चढवला जाई. कवी सिग्वात 1018 च्या सुमारास स्वीडनमधून जात असताना एका घरी रात्रीचा आसरा मागतो, आणि घरधनीण त्याला दारातूनच हाकलते, कारण आत आल्व्हांचं कार्य चालू असतं. त्याला परक्यानं पाहायचं नसतं. मिश्र संततीचं उदाहरण म्हणजे स्कुल्द. यूल या ऐन हिवाळ्यातल्या सणाच्या रात्री राजा हेल्गी दारात आलेल्या एका फाटक्या बाईला आसरा देतो. ती आल्व्ह निघते. "मूल झालं की न्यायला ये," असं ती बजावते. राजा विसरतो. ती मुलगी पुढं सावत्र भावाचं, म्हणजे राजा ह्रोल्फ क्राकीचं, राज्य बुडवते. आल्व्ह-रक्ताच्या खेळाडूला मी एकच प्रश्न देतो: तुझ्या आईला दिलेला कोणता शब्द कुणी मोडला? अख्खी पार्श्वभूमी त्यातून निघते.

एल्फचे आकडे जसेच्या तसे चालतात. 'उजळ' आणि 'काळोखे' आल्व्ह ही विभागणी मात्र ताणू नका. ती फक्त स्नोरी स्टुर्लुसॉनच्या 1220 च्या सुमाराच्या एड्डा या देवकथांच्या ग्रंथात येते, म्हणजे ख्रिस्ती होऊन दोन शतकं उलटलेल्या आइसलँडमध्ये. तिच्यात देवदूत आणि सैतानाचा वास बऱ्याच अभ्यासकांना येतो.

ड्वेर्ग, म्हणजे ज्याला गेममध्ये ड्वॉर्फ म्हणतात तो, खेळाडूला देताना मी दहादा विचार करतो. जुन्या काव्यात ते बुटके असल्याचं कुठेच नाही. ते कारागीर आहेत, दगडात राहतात, आणि उजेड त्यांना सोसत नाही. एका काव्यात आल्व्हिस नावाचा ड्वेर्ग थोरच्या मुलीला मागणी घालायला येतो. थोर त्याला रात्रभर प्रश्न विचारत बसतो, आणि पहाट होताच नवरदेव उन्हात सापडतो. म्हणून ड्वेर्ग खेळाडूला 2014 च्या ड्राउ एल्फची (भूगर्भात राहणाऱ्या एल्फची) उन्हातली अडचण लावा: उन्हात हल्ल्याला आणि नजरेला डिसअॅडव्हांटेज, म्हणजे दोन फाशांतला कमी आलेला धरायचा. बदल्यात त्यानं घडवलेली वस्तू गावात कुणीच घडवू शकत नाही, इतकी चांगली असू द्या. आणि त्याच्याकडून फुकट किंवा जबरदस्तीनं करून घेतलेल्या वस्तूला शाप. टिरफिंग तलवारीची कथा तीच आहे.

रूप बदलणारा हा खरं म्हणजे गेममधला ड्रुइड, प्राण्यांची रूपं घेणारा पुरोहित. पण त्याचं नॉर्स रूप वेगळं आहे आणि कितीतरी सरस आहे. 'हाम्र' म्हणजे कातडं, आकार. ह्रोल्फ क्राकीच्या शेवटच्या लढाईत एक प्रचंड अस्वल शत्रूला फाडत असतं आणि ब्योद्वार ब्यार्की हा वीर मात्र दालनात निपचित बसलेला. मित्र येऊन त्याला गदागदा हलवतो, "ऊठ, राजा लढतोय!" ब्यार्की उठतो, "तू राजाची मदत नाहीस केलीस" अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो, आणि रणांगणावरचं अस्वल नाहीसं होतं. टेबलावर असं लावा: रूप बाहेर फिरतं तेव्हा देह कुठेतरी पडलेला असतो आणि तो कुणीतरी राखावा लागतो. उठवलं की रूप संपलं. माझ्या टेबलावर सगळ्यात थरारक लढत झाली ती या देहाभोवती, अस्वलाभोवती नव्हे.

गेममधल्या बाकीच्या वंशांचं भराभर. ड्रॅगनबॉर्न नाही, हट्टच असेल तर फाफनिरची वाट द्या, सोन्याच्या हव्यासानं माणसाचा सर्प होत जाण्याची. तो वंश होत नाही, तो रोग होतो. टीफलिंग नाही. हाफलिंग नाही. नोमच्या जागी घरगुती निस्से घेणारे लोक आहेत, पण तो बऱ्याच नंतरच्या काळातल्या नॉर्वे-डेन्मार्कच्या लोककथांतला. 990 च्या आइसलँडमध्ये मला खटकतो.

इथेच एक सावधगिरी. नॉर्स चिन्हं आणि 'शुद्ध रक्त' यांची सांगड घालणाऱ्या वंशवादी टोळ्या आजही आहेत, आणि ऑनलाइन टेबलावर अनोळखी माणसं घेत असाल तर कुणीतरी तो सूर लावण्याची शक्यता असते. पहिल्याच दिवशी सांगून टाका की या कथांत देवांचं रक्तसुद्धा मिश्र आहे. दुसरं, सागांमध्ये सामी लोकांना 'फिन' म्हणत जादूटोण्याशी जोडलेलं आढळेल. सामी आजही नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियात राहणारा समाज आहे. त्यांना वेगळा 'वंश' किंवा मायावी जमात करू नका. व्यापारी, शिकारी, पाहुणे म्हणून आणा, माणसांसारखी माणसं.

पायरी 4: ज्यांच्याशी गाठ पडणार

ड्राउगरवर, म्हणजे थडग्यातून उठणाऱ्या मृतावर, मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, तुम्हीही घाला. हे धुरकट भूत नव्हे. तो देह आहे, फुगलेला, मरणाच्या निळ्या-काळ्या रंगाचा, जिवंतपणीपेक्षा जड आणि ताकदवान. तो छपरावर बसून टाचा आपटतो, गुरांची हाडं मोडतो, गुराख्याला मारतो आणि मग मेलेला गुराखीही त्याच्यासोबत फिरू लागतो.

पत्ता: स्वतःच्या थडग्याचा ढिगारा किंवा जुनं घर. मागणं: बहुतेक वेळा जे जिवंतपणी सोडवलं नाही तेच, म्हणजे जमीन, मान, दागिने. उतारा: ग्रेटिर सागात ग्लाम या ड्राउगरचं डोकं कापून त्याच्या मांडीशी ठेवतात, मग जाळून राख माणसाजनावराच्या वाटेपासून दूर पुरतात. पण पडण्यापूर्वी चंद्राच्या उजेडात ग्लाम ग्रेटिरकडे पाहतो आणि शाप देतो, आणि त्या दिवसापासून हा बलदंड माणूस अंधाराला घाबरू लागतो. खेळाडू जिंकतो, पण काहीतरी गमावतो. असा एक कायमचा ओरखडा प्रत्येक मोठ्या ड्राउगरकडे ठेवा.

आकड्यांसाठी पुस्तकातला वाइट हा मृतजीव चांगला पडतो: चॅलेंज रेटिंग (जीव किती भारी याचा आकडा) 3, हिट पॉइंट 45, उन्हाची अडचण आधीच आहे. आयुष्य शोषणारा हल्ला काढा, ताकद ओगरएवढी म्हणजे 19 करा आणि मिठीत धरून चिरडण्याची पकड द्या. तिसऱ्या लेव्हलच्या चौघांना 2014 च्या हिशेबानं ही मध्यम लढत ठरते. आणि महत्त्वाचं: शून्य हिट पॉइंटला तो पडतो, पण उतारा केला नाही तर पुढच्या रात्री परत येतो.

उतारा अर्धवट झाला तरी गोष्ट पुढं सरकते. स्नायफेल्सनेसच्याच थोरोल्फ लंगड्याचं प्रेत शेवटी जाळतात, राख वाऱ्यानं उडते, ज्या दगडांवर बसते ते दगड एक गाय चाटते, आणि तिला होणारं ग्लेसिर नावाचं वासरू मोठं होऊन मालकाला शिंगावर घेऊन मारतं. पहिल्या लेव्हलला मारलेल्या भुताचा बैल पाचव्या लेव्हलला परत आणा. खेळाडूंना धागा लागतो तो क्षण पाहण्यासारखा असतो.

आता तो खटला. फ्रोडा नावाच्या शेतावर थोरगुन्ना ही हेब्रिडीजहून आलेली बाई मरताना सांगते की माझं अंथरूण-पांघरूण जाळा. घरधनिणीला ते उंची कापड सोडवत नाही. मग सुरू होतं: चुलीच्या खड्ड्यातून सीलचं डोकं वर येतं, ते घण घालून खाली ठोकावं लागतं. समुद्रात बुडालेले लोक ओलेचिंब होऊन स्वतःच्याच बाराव्या-तेराव्याला शेकोटीशी येऊन बसतात. दुसरीकडून पुरलेले मेलेले येतात, मातीनं माखलेले, आणि कपडे झटकून बुडालेल्यांवर माती उडवतात. शरद ऋतूत तीस नोकरमाणसं होती. अठरा मेली, पाच पळाली. अखेर गावचा म्होरक्या स्नोरी गोदी याच्या सल्ल्यानं घराच्या दारातच न्यायसभा भरवतात. साक्षी, आरोप, निकाल, सगळं रीतसर. आरोप काय, तर परवानगीशिवाय घरात वावर आणि माणसांच्या जिवाला अपाय. निकाल लागतो तसा एकेक मृत उठतो, एक वाक्य बोलतो आणि निघून जातो.

हे सेशन असंच्या असं खेळवा. एकही फासा हल्ल्यासाठी टाकायचा नाही. प्रत्येक भुताला दोन साक्षीदार लागतात, त्यामुळे खेळाडूंना आधी गावभर फिरून साक्षी जमवाव्या लागतील. माझ्या टेबलावरच्या ज्या खेळाडूचा वकिलीशी रोजचा संबंध आहे, तो त्या दिवशी जो खुलला तो आजतागायत मिटलेला नाही.

योटुनांचं भाषांतर 'राक्षस' असं केलंत तर निम्मा घात तिथेच होतो. आपल्या पुराणांतले दैत्य घ्या, दितीची मुलं, अदितीच्या देवांची सावत्र भावंडं. ते जास्त जवळ जातं. किंवा हिडिंबा आठवा: लग्न, मूल, युद्धात उपयोग. योटुन नेहमी अवाढव्य नसतात, आणि मारामारीपेक्षा ते फसवणुकीत आणि शर्यतीत जास्त रंगतात. उतगार्द-लोकीच्या दरबारात थोर एक शिंग पिऊन संपवू शकत नाही, कारण त्याचं टोक समुद्रात असतं. एका म्हातारीशी कुस्तीत हरतो, कारण ती साक्षात वार्धक्य असते. फ्रॉस्ट जायंट चॅलेंज रेटिंग 8 आणि 138 हिट पॉइंटचा, म्हणजे तुमच्या पार्टीला जवळपास शेवटपर्यंत झेपणारा नाही. तेच बरं. तो शर्यत लावतो, कर मागतो, मुलाची सोयरीक आणतो.

स्नायफेल्सनेसला असा एक तयार आहे. बार्द, बापाकडून राक्षस-ट्रोल रक्ताचा, आईकडून माणूस. त्याच्या पुतण्यांनी खेळता खेळता त्याच्या मुलीला, हेल्गाला, हिमतुकड्यावर ढकललं आणि ती वाहत ग्रीनलँडला गेली. बार्दनं एका पुतण्याला दरीत लोटलं, दुसऱ्याला कड्यावरून. ती दरी आणि तो कडा आजही त्या दोघांच्या नावांनीच ओळखले जातात. मग माणसांना कंटाळून तो हिमनदीत शिरला, आणि लोक संकटात त्याचाच धावा करू लागले. मधल्या वर्तुळाचा मुख्य माणूस झाला की! पत्ता हिमनदी, मागणं मुलीची खबर, उतारा ती खबर आणून देणं.

ट्रोल हा शब्द जुन्या ग्रंथांत फार सैल आहे. जादूटोणा करणारी बाई, भूत, राक्षस, कुणालाही म्हणतात. डोंगरातली एकच ट्रोलबाई घ्या आणि तिला पहाटेपर्यंत बोलण्यात गुंतवून ठेवण्याचा खेळ लावा. 'एड्डा' याच नावाच्या जुन्या काव्यसंग्रहातल्या ह्रिमगेर्दला असंच शिव्यागाळीच्या जुगलबंदीत अडकवून उन्हानं दगड केलं आहे. अटी साध्या: पाच फेऱ्या, दर फेरीला नवी युक्ती, तीच पुन्हा चालणार नाही. गेमच्या पुस्तकातला जखमा भरून येणारा हिरवा ट्रोल इथे आणू नका.

पाण्यासाठी निकुर घ्या, तळ्याकाठचा करडा घोडा, खूर उलटे. पाठीवर बसलात की तो पाण्यात घेऊन जातो. त्याचं नाव किंवा त्यासारखा शब्द कानावर पडला की उधळतो. तो मुलांना भेटतो, वीरांना नाही. समुद्रासाठी लिंगबाक पुरे: झुडपं उगवलेलं बेट वाटतं, ते देवमाशाची पाठ असते. ड्रॅगन संपूर्ण कॅम्पेनमध्ये एक किंवा शून्य. मी शून्याच्या बाजूचा.

बेर्सेर्क, म्हणजे अंगात आल्यासारखे बेभान लढणारे योद्धे, हे माणूसच, आणि तयार आकडे आहेत: चॅलेंज रेटिंग 2, हिट पॉइंट 67. नंतरच्या आइसलँडिक कायद्यात बेर्सेर्कच्या अंगात येण्याला हद्दपारीची शिक्षा होती, हे लक्षात ठेवा. सभेत त्याचा उपयोग होतो. डोक्यावर शिंगं मात्र देऊ नका. शिंगांची शिरस्त्राणं एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन ऑपेराच्या कपडेपटातली आहेत.

पायरी 5: ज्यांच्याशी लढायचंच नाही

लांदव्हेत्तिर म्हणजे भूमीचे रक्षक. जुना कायदा सांगे की किनारा दिसण्याआधी जहाजाच्या नाळेवरचं जबडा वासलेलं डोकं उतरवा, नाहीतर ते बिचकतील. ही कल्पना समजवायला मी परिच्छेद लिहून आणला होता, मालवणचा एक खेळाडू म्हणाला, "राखणदार रे!" आणि परिच्छेद वाया गेला. आइसलँडच्या राजचिन्हावर आजही चौघं आहेत: ड्रॅगन, गरुडासारखा पक्षी, बैल आणि डोंगरी योटुन. हेरगिरीला देवमाशाच्या रूपात आलेल्या डॅनिश राजाच्या मांत्रिकाला त्यांनी हाकललं अशी कथा आहे, आणि त्यात ब्रेइदाफ्योर्दवर समुद्रात शिरून डुरकणारा होता तो बैल. आपल्या खोऱ्याचा राखणदार म्हणून तोच घ्या. त्याला स्टॅट ब्लॉक (लढाईच्या आकड्यांचा तक्ता) लिहू नका. तो रुसला की मासे मिळत नाहीत, मेंढ्या गाभडतात, एवढं पुरे.

आल्व्हांचं अदृश्य शेजारपणही इथेच येतं. याच भागातल्या थोर्सनेसच्या पवित्र सभास्थानी शौचाला बसणं मना होतं, आणि त्या क्रियेला शब्द होता 'आल्फ्रेक', शब्दशः 'आल्व्हांना पळवणं'! त्यासाठी वेगळा खडक नेमून दिला होता. एका घराण्यानं तिथे जायला नकार दिला आणि तलवारी निघाल्या, माणसं पडली, अखेर सभेची जागाच हलवावी लागली. पहिल्या सेशनला याहून चांगलं भांडण मी अजून लिहू शकलेलो नाही.

फिल्ग्या ही प्रत्येकाच्या सोबत चालणारी सावलीसारखी शक्ती, बहुधा प्राण्याच्या किंवा बाईच्या रूपात. तिचं रूप पहिल्याच बैठकीत खेळाडूकडून ठरवून घ्या, आणि ते फक्त तुम्हाला चिठ्ठीवर लिहून द्यायला सांगा. मग ती इतरांच्या स्वप्नात दिसू द्या. ज्याची त्याला दिसली, तर त्याचं काही खरं नाही.

देव शक्यतो दूर ठेवा. एक डोळ्याचा, रुंद टोपीचा वाटसरू, म्हणजे वेष बदललेला ओडिन, एकदा येऊन जाऊ दे. कुणी नाव विचारलं तर तो वेगळंच सांगेल.

पायरी 6: पंचांगावर मांडा

जुन्या आइसलँडिक पंचांगात ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा, आणि ही दोन टोकं जीव वाटून घेतात. डिसेंबरात तिथे दिवसाचा उजेड जेमतेम चार तास असतो. भुताटकी ऑक्टोबरच्या मध्यावरच्या हिवाळारात्रींपासून चढत जाते आणि यूलला कळस गाठते. ग्लाम मरतो तोही त्याच रात्री. म्हणून ड्राउगर हिवाळ्यात. उन्हाळ्यात रात्रच होत नाही, तेव्हा समुद्र, सभा, योटुनांशी बोलणी. ट्रोलबाईची जुगलबंदी जूनमध्ये लावलीत तर पहिल्याच फेरीत सूर्य समोर असेल. मी ही चूक केली आहे आणि खेळाडूंनी ती पकडली.

सध्या चालू असलेल्या कॅम्पेनच्या माझ्या वहीतली यादी अशी. घराशी: जुन्या घरमालकाचा ड्राउगर, गोठ्यात वाढणारं एक वासरू. डोंगरात: बार्द, ट्रोलबाई, तळ्यावरचा निकुर. समुद्राकडे: लिंगबाक आणि खाडीतला बैल. सातच. खेळाडूंत एक अर्धट्रोल, एक कातडं बदलणारी, बाकी तीन माणसं. सहावं सेशन झालं आहे, गावात नोव्हेंबर लागला आहे, आणि काल संध्याकाळी कुरणाच्या टोकाला लांडगा दिसला. कातडं बदलणारी शपथेवर सांगते की तो ती नव्हती.